मोबिलिटी स्कूटर: उंबरा, लिफ्ट आणि चढाच्या कसोटीवर

मोबिलिटी स्कूटर दाखवा म्हटलं की पुष्कळ दुकानांत बाजूची चाकं लावलेली अ‍ॅक्टिव्हा पुढे येते. कुठे मोटर बसवलेली तीनचाकी सायकल दाखवतात, कुठे बटणावर चालणारी व्हीलचेअर. या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि चुकीची घेतली तर ती सहा महिन्यांत पार्किंगच्या कोपऱ्यात पोती ठेवायच्या कामाची उरते. इथे परीक्षण आहे ते खऱ्या मोबिलिटी स्कूटरचं: फिरणारी खुर्ची, पाय ठेवायला सपाट पाटा, समोर एक दांडा आणि त्यावर हँडल, बहुधा ताशी सहा ते आठ किलोमीटरने चालणारी, बॅटरीवरची बुटकी गाडी.

१९६८ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात अ‍ॅलन थीम यांनी अशी पहिली गाडी घरातल्याच मल्टिपल स्क्लेरॉसिस (मज्जासंस्थेचा आजार) झालेल्या माणसासाठी बनवली. तिचा गिऱ्हाईक कोण, हे तिथूनच ठरलं आहे: ज्याला चार पावलं चालता येतात पण चारशे येत नाहीत तो. गुडघे झिजलेले, दम लागणारे, एका पायात पोलिओ असलेले, हृदयाच्या दुखण्यामुळे बाजारापर्यंत पोचू न शकणारे. त्यांना स्वतःच्या पायांवर उठून खुर्चीवर बसता आलं पाहिजे, पाठीला बाजूने आधार नसताना तोल सांभाळता आला पाहिजे आणि दोन्ही हात पुढे धरून अर्धा तास बसता आलं पाहिजे. यातलं एकही जमत नसेल तर स्कूटरचा विषय बंद करून जॉयस्टिकवाली व्हीलचेअर बघावी. मणक्याच्या इजेमुळे कमरेखाली संवेदना नसेल तर स्कूटरच्या साध्या फोमच्या गादीवर जखमा होण्याचा धोका आहे. स्मृतिभ्रंश किंवा नजर फार अधू असेल तरीही नको. शंका असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला विचारावं. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था याच कामासाठी आहे. दुकानदार हा सल्ला देणार नाही, त्याला गाडी विकायची असते.

आधी टेप

माहितीपत्रकात वेग आणि पल्ला ठळक छापलेला असतो. आपल्याकडे गाडी अडते ती या दोन्हींमुळे नाही. ती अडते उंबऱ्यावर, लिफ्टच्या दारात आणि सोसायटीच्या उतारावर. म्हणून दुकानात जाण्याआधी घरापासून रोज जायच्या ठिकाणापर्यंतची वाट टेप घेऊन मोजावी.

दाराची रुंदी चौकटीची मोजू नये. दार उघडं ठेवून उरलेली मोकळी जागा मोजावी, कारण दाराची जाडी आणि कडी मिळून चार-पाच सेंटिमीटर खातात. सेफ्टी डोअर असेल तर आणखी. स्कूटरच्या रुंदीपेक्षा ही जागा निदान आठ-दहा सेंमी जास्त हवी. सरळ जाता आलं तर एवढी पुरते. बोळातून काटकोनात वळून दारात शिरायचं असेल तर पुरत नाही.

लिफ्ट हा खरा न्यायाधीश. सहा माणसांच्या प्रमाणित लिफ्टची आतली खोली साधारण १०० सेंमी आणि दार ७० सेंमी असतं. बाजारातली आखूड तीनचाकी स्कूटरही १०० सेंमीच्या आसपास किंवा थोडी जास्त लांब असते. म्हणजे सहा माणसांच्या लिफ्टमध्ये स्कूटरवर बसून जाणं विसरावं. हँडलचा दांडा खाली पाडला तरी जमिनीवरची लांबी तेवढीच राहते, हे दुकानदार सांगत नाही. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये खोली ११० सेंमी होते. तिथे आखूड तीनचाकी जेमतेम मावते, पण आत वळायला जागा नसल्याने बाहेर पडताना रिव्हर्सच घ्यावा लागतो. मान मागे वळत नसेल तर हे रोजचं संकट. तेरा माणसांच्या, २०० बाय ११० सेंमीच्या लिफ्टमध्ये काळजी नाही, पण तशी लिफ्ट हॉस्पिटलात आणि नव्या टॉवरमध्येच भेटते.

तेव्हा पहिला निर्णय हा की गाडी वर राहणार की खाली. खाली राहणार असेल तर फ्लॅटपासून पार्किंगपर्यंत काठी किंवा वॉकर, आणि पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट. सोसायटीच्या सभेत या पॉइंटवरून वाद होतोच, म्हणून आकडा तयार ठेवावा: २४ व्होल्ट १२ अँपिअर-तास बॅटरीत २८८ वॉट-तास मावतात. चार्जरमधली गळती धरूनही रिकामी बॅटरी पूर्ण भरायला अर्धा युनिट वीज लागत नाही. ३५ अँपिअर-तासाची मोठी जोडी असली तरी एक युनिटच्या थोडं वर. सब-मीटर लावून द्या आणि विषय संपवा.

उंबरा मोजताना दोन्ही बाजूंनी मोजावा. आतून दोन सेंमी असलेला उंबरा पॅसेजच्या बाजूने पाच सेंमी असू शकतो. आठ इंची चाकाच्या स्कूटरला चार सेंमीपर्यंतचा उंबरा समोरून सरळ घेता येतो. त्यापुढे लाकडाची किंवा रबराची पाचर लागते. पाच सेंमी उंबऱ्याला १:८ च्या पाचरेची लांबी ४० सेंमी होते, आणि तेवढी जागा शेजाऱ्याच्या दारासमोर आहे का हेही बघावं लागतं.

उतारासाठी सोपी रीत: एक मीटरची सरळ पट्टी आणि पाणपातळी घ्या. पट्टीचं एक टोक उतारावर टेकवून पट्टी आडवी सपाट धरा आणि दुसऱ्या टोकाखालची उंची मोजा. ८ सेंमी आली तर उतार १:१२, म्हणजे सुमारे पाच अंश. व्हीलचेअरच्या रॅम्पसाठीचं प्रमाण हेच. १२.५ सेंमी म्हणजे १:८, सात अंश. १६ ते १७ सेंमी आली तर १:६, साडेनऊ अंश. बेसमेंट पार्किंगचे उतार पुष्कळदा या शेवटच्या जातीचे असतात. छोट्या स्कूटरची चढाची मर्यादा सहा ते आठ अंश, मोठीची दहा ते बारा. ही मर्यादा ठरावीक वजनाच्या माणसासाठी आणि भरलेल्या बॅटरीवर दिलेली असते, हेही ध्यानात असू द्या.

प्रवेशाला दोनच पायऱ्या आहेत, घडीचा अ‍ॅल्युमिनियम रॅम्प टाकू, असं बहुतेक जण म्हणतात. दोन पायऱ्या म्हणजे ३० सेंमी. १:१२ साठी ३.६ मीटर लांब रॅम्प लागेल. दुकानात मिळणारा दीड मीटरचा रॅम्प टाकला तर उतार १:५ होतो, अकरा अंशांच्या वर. रिकामी गाडी दोघांनी ढकलायला तो ठीक. माणूस बसवून नाही.

चार प्रकार

*सुट्या भागांची तीनचाकी.* खुर्ची, बॅटरीची पेटी, पुढचा भाग, मोटरचा मागचा भाग असे चार-पाच तुकडे होतात. एकूण वजन ३५ ते ५० किलो, सगळ्यात जड तुकडा १३ ते १८ किलो. रुंदी ५० सेंमीच्या आसपास. वळण सगळ्यात लहान, ८० ते ९५ सेंमी त्रिज्येत. घरात, मॉलमध्ये, हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर हिच्यासारखी गाडी नाही. बाहेर मात्र हिचे सात-आठ इंची भरीव टायर पेव्हर ब्लॉकवर दात वाजवतात. पोटाखालचं अंतर चार-पाच सेंमीच असल्यामुळे आखूड, उंच गतिरोधकावर पोट टेकतं आणि मागची चाकं हवेत फिरत राहतात. सुटे भाग करणं दुकानात एका मिनिटाचं काम दिसतं. प्रश्न एवढाच की वाकून १५ किलोचा तुकडा डिकीत उचलणारं घरात कोण आहे. दोघंही सत्तरीतले असतील तर कुणी नाही.

*घडीची, लिथियम बॅटरीची.* २० ते ३० किलो, सुटकेससारखी घडी, काही रिमोटवर आपोआप मिटतात. लहान लिफ्टच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना खरा पर्याय हाच, कारण घडी केलेली गाडी सहा माणसांच्या लिफ्टमध्ये माणसाशेजारी उभी राहते. पण घडीसाठी जे बिजागरीचे सांधे दिले आहेत तेच दीड-दोन वर्षांनी खुळखुळू लागतात. खुर्ची अरुंद आणि पाठ बुटकी. दुकानात पाच मिनिटं बसून हे कळत नाही, वीस मिनिटं बसून बघावं. उचलायची उंचीही बघावी: २५ किलोची एकसंध घडी डिकीत टाकणं हे १५ किलोच्या तुकड्यापेक्षा अवघड आहे. आणि सीएनजीची गाडी असेल तर डिकीत सिलिंडर आहे, तेव्हा उरलेली जागा टेपने मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्वयंचलित घडीचं आम्हाला फारसं कौतुक नाही. ती एक जादा मोटर आहे आणि बंद पडली की गाडी अर्धवट मिटलेल्या अवस्थेत अडकते. हाताने मिटणारी घ्यावी.

*मधल्या आकाराची चारचाकी.* १२० बाय ६० सेंमी, नऊ-दहा इंची टायर, २० ते ३६ अँपिअर-तासाच्या बॅटऱ्या, वजन ६० ते ९० किलो. तळमजल्यावर राहणाऱ्या किंवा खाली गाडी ठेवता येणाऱ्या माणसाला भाजी, बँक, देऊळ, दवाखाना अशी रोजची फेरी करायची असेल तर चारही प्रकारांत हिला पहिला नंबर. पोटाखाली सात ते दहा सेंमी मोकळे, मागे थोडं सस्पेन्शन, खुर्ची भक्कम. तोटा वळणाचा: १२० ते १४० सेंमी त्रिज्या लागते, म्हणजे पॅसेजमध्ये पुढे-मागे करतच वळवावी लागते. घरात आणायचा मोह टाळावा.

*मोठी.* तेरा-चौदा इंची चाकं, ५० ते ७५ अँपिअर-तास, ताशी १२ किलोमीटरपर्यंत, वजन ११० ते १५० किलो. बंगला, मोठी टाउनशिप, विद्यापीठाचा परिसर यांसाठी. चिखलात रुतली तर ढकलायला चार माणसं लागतील. मुंबई-पुण्याच्या बहुतेक घरांना ही नको.

तीन चाकं की चार, हा प्रश्न पाय ठेवायच्या जागेचाही आहे. तीनचाकीत पुढचं चाक मधोमध असल्याने गुडघा न वाकणाऱ्याला पाय लांब करता येतात, चारचाकीत पुढच्या दोन चाकांचं आवरण आड येतं. पण तीनचाकीचा आधार त्रिकोणी असतो. उतारावरून येताना वेगात वळवली की वजन त्रिकोणाच्या कडेबाहेर जातं आणि गाडी कलंडते. उतार आडवा कापणं हा तीनचाकीचा दुसरा शत्रू: सोसायटीच्या गेटबाहेर फुटपाथ रस्त्याकडे तिरका उतरतो ना, नेमका तिथे.

ज्या स्कूटर नाहीत

बाजूची चाकं लावलेली पेट्रोल किंवा इलेक्ट्रिक स्कूटर हे रस्त्यावरचं वाहन आहे. लायसन्स लागतं, बदल आरसीवर नोंदवावा लागतो. पाच-सात किलोमीटरवर नोकरीला जाणाऱ्याला तीच हवी. भाजी आणायला निघालेल्या गुडघेदुखीच्या आजींना नको, कारण तिच्यावर चढायलाच पाय उचलावा लागतो.

कानपूरच्या अ‍ॅलिम्को या सरकारी कंपनीची मोटर बसवलेली तीनचाकी केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप या अपंगांना साधनं देणाऱ्या योजनेच्या शिबिरांतून मिळते. ती १६ वर्षांवरच्या, तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी आहे. लांब, मजबूत, गावच्या रस्त्याला चालणारी. लिफ्ट किंवा घर तिच्या हिशोबात नाही. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनची निओबोल्ट ही आणखी वेगळी वस्तू: स्वतःच्या व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक, ताशी २५ किलोमीटरपर्यंत. मणक्याची इजा झालेल्या, पण हात आणि खांदे दणकट असलेल्या तरुणासाठी ती स्कूटरपेक्षा सरस, कारण पोचल्यावर पुढचं चाक सोडलं की हातात व्हीलचेअर उरते. व्हीलचेअर वापरतच नसलेल्या वृद्धाला तिचा उपयोग नाही.

बॅटरी: पैसे इथेच बुडतात

छापलेला पल्ला सपाट जमिनीवर, सुमारे ७५ किलोच्या माणसाला बसवून, नव्या बॅटरीवर, न थांबता मोजलेला असतो. आपल्याकडे दर पन्नास मीटरला थांबा आणि पुन्हा सुरुवात, आणि प्रत्येक सुरुवातीला मोटर जास्त करंट ओढते. हिशोब असा करावा. २४ व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातले ७० टक्केच धरा, लिथियम असेल तर ९०. छोट्या गाडीला किलोमीटरला २० वॉट-तास, खडबडीत किंवा चढाच्या वाटेला २५. म्हणजे १२ अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड स्कूटरचा भरवशाचा पल्ला आठ ते दहा किलोमीटर, पत्रकावर १५-१६ छापलेला असला तरी. बॅटरी जुनी होईल तसा तोही घटतो. रोजच्या जाऊन-येऊन अंतराच्या निदान अडीचपट छापील पल्ला असलेली गाडी घ्यावी.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी वापराने मरते त्यापेक्षा न वापरण्याने जास्त मरते. रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि क्षमता परत येत नाही. म्हणून फेरी अर्धा किलोमीटरची झाली असली तरी रात्री चार्जिंगला लावायची आणि हिरवा दिवा लागेपर्यंत काढायची नाही. १२ अँपिअर-तासाला २ अँपिअरचा चार्जर सात-आठ तास घेतो, त्यात शेवटचे तास कमी करंटने भरण्याचे असतात. तेच तोडले तर बॅटरी दरवेळी अर्धपोटी राहते. लेक-जावयाकडे दोन महिने जाणार असाल तर पूर्ण भरून, किल्ली बंद करून ठेवावी आणि महिन्यातून एकदा शेजाऱ्याला चार्ज करायला सांगावं. लिथियमचं उलटं: महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर ५०-६० टक्क्यांवर, सावलीत. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली लिथियम चार्जिंगला लावू नये. आणि कुठलीही बॅटरी घरात बाहेर पडायच्या एकमेव दाराशी किंवा जिन्यात चार्ज करू नये.

बदलायची वेळ आली की दुकानदार "कंपनीची"च लागेल म्हणतो. तसं नसतं. १२ व्होल्ट १२ अँपिअर-तासाच्या बॅटरीचं माप प्रमाणित आहे, १५१ बाय ९८ मिलिमीटर, आणि असे दोन डबे पेटीत मालिकेत जोडलेले असतात. फसगत होते ती दुसरीकडे: यूपीएससाठीची बॅटरी त्याच मापात स्वस्त मिळते, पण ती सतत भरलेली राहून क्वचित वीज देण्यासाठी बनलेली असते. रोज खोलवर रिकामी झाली की काही महिन्यांत बसते. डब्यावर "डीप सायकल" किंवा इलेक्ट्रिक वाहनासाठी असल्याचं लिहिलेलं हवं. दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या, एकाच महिन्याच्या बदलाव्यात. एक जुनी एक नवी लावली तर जुनी नवीला खाते.

विमानप्रवास करणाऱ्यांनी बॅटरीवर वॉट-तास छापलेले आहेत का ते बघावं. काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-तासांपर्यंत चालते, ती काढून सोबत केबिनमध्ये न्यावी लागते. दोन बॅटऱ्यांची गाडी असेल तर प्रत्येकी १६०. विमान कंपनीला आधी कळवावं लागतं. बॅटरीवर आकडाच नसेल तर काउंटरवर वाद घालून उपयोग नाही, "एअरलाइन अप्रूव्ह्ड" असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी.

ब्रेक आणि तो पिवळा खटका

चालवणं सोपं आहे. उजवा अंगठा दाबला की पुढे, डावा दाबला की मागे, सोडला की थांबते. ससा-कासवाची चित्रं असलेली चकती फिरवून कमाल वेग ठरवायचा. अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर बोटांनी ओढता येणारा खटका किंवा कडीसारखं वळवलेलं डेल्टा हँडल मागावं. हात थरथरत असतील तर सुरुवातीचा आणि थांबतानाचा वेग विक्रेत्याकडच्या प्रोग्रामर नावाच्या यंत्राने मंद करून घेता येतो, आणि हे गाडी ताब्यात घेण्याआधी करून घ्यावं.

ब्रेक विद्युतचुंबकी असतो: वीज असली की सुटतो, वीज गेली की लागतो. बॅटरी संपली तरी गाडी उतारावर जागेवर उभी राहते. पण मागे मोटरजवळ एक खटका असतो, बहुधा पिवळा किंवा लाल. त्याने मोटर चाकांपासून सुटते आणि गाडी ढकलता येते. त्या अवस्थेत ब्रेक उरत नाही. अजिबात नाही. वॉचमनने पार्किंगमध्ये गाडी सरकवली, खटका तसाच ठेवला आणि माणूस उतारावर बसला, तर गाडी थेट गेटपर्यंत जाते. त्यामुळे घरातल्या सगळ्यांना आणि वॉचमनलाही हा खटका दाखवून ठेवावा.

मागे लावलेली छोटी तोल-चाकं काढू नयेत, ती गाडी मागे उलटू देत नाहीत. मात्र उतार जिथे सुरू होतो त्या खोबणीत हीच चाकं जमिनीला टेकून मुख्य चाकं उचलतात. एक मागचं चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर) सगळी ताकद त्याच मोकळ्या चाकात जाते आणि गाडी जागीच गुरगुरते. अशी जागा घराच्या वाटेवर असेल तर सिमेंटने कड गोल करून घेणं, हा गाडी बदलण्यापेक्षा स्वस्त उपाय.

बंद पडली म्हणजे

मेकॅनिकला बोलावण्याआधी पाच गोष्टी. पिवळा खटका ढकलायच्या स्थितीत राहिला आहे का. चार्जरची पिन लागलेली आहे का (लागलेली असताना गाडी मुद्दाम चालत नाही). किल्ली फिरवताना अंगठा वेगाच्या खटक्यावर होता का. असेल तर कंट्रोलर (मोटरला हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) अडून बसतो, हात काढून किल्ली बंद-चालू करावी. बॅटरीच्या पेटीची पिन पूर्ण बसली आहे का, कारण खड्ड्यांनी ती सैल होते. आणि बॅटरीजवळचं सर्किट ब्रेकरचं बटण बाहेर आलं आहे का. लांब चढावर ते उडतं, दोन मिनिटं थांबून आत दाबायचं. बहुतेक "गाडी मेली" या तक्रारी इथेच संपतात. त्यापुढे कंट्रोलर ठरावीक वेळा बीप देतो किंवा दिवा लुकलुकतो. तेवढे बीप मोजून पुस्तिकेत बघावेत आणि फोनवर "चालत नाही" न सांगता "पाच बीप येतात" असं सांगावं.

खरा बिघाड पावसाळ्यात होतो. पाणी हँडलच्या फटीतून वेग-नियंत्रकात शिरतं, किंवा चार्जिंगच्या छिद्राचं झाकण उघडं राहतं. प्लॅस्टिकची पिशवी हँडलवर रबर लावून बांधणं हा दिसायला गावठी पण उत्तम उपाय. साचलेल्या पाण्यातून नेऊ नये: मोटर आणि गिअरबॉक्स मागच्या आसाच्या पातळीला, बॅटरीची पेटी त्याहून थोडीच वर असते. धुवायची तर ओल्या फडक्याने, गाड्या धुवायच्या पाइपाने कधीच नाही. भिजलेल्या गाडीवर लगेच कव्हर टाकलं तर वाफ आतच कोंडते, आधी सुकू द्यावी. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ असाल तर बॅटरीच्या टोकांवर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवावा.

टायरचं थोडक्यात. हवेचा टायर मऊ चालतो आणि पंक्चर होतो, भरीव होत नाही पण हाडं खिळखिळी करतो. बाहेर वापरायची असेल तर हवेचा घ्यावा, फक्त टायरवर छापलेलं माप (उदाहरणार्थ ३.००-४ किंवा २००x५०) लिहून घेऊन आपल्या गावात ट्यूब मिळते का हे आधी विचारावं. दोन ट्यूब घरात ठेवाव्यात. हवा कमी असली की गाडी एका बाजूला ओढते आणि पल्ला गुपचूप घटतो.

कागद आणि पैसा

"आरटीओ लागत नाही" हे अर्धं खरं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची क्षमता २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, आणि हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून दिलेलं असेल, तर बॅटरीवरचं वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. अशी एक संस्था म्हणजे पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय. प्रमाणपत्राची प्रत मागावी. मुख्य रस्त्यावर ताशी सहा किलोमीटरने जाणं कायद्यात बसलं तरी शहाणपणात बसत नाही, हा भाग निराळा.

अपंगांच्या गाड्यांसाठी ८७१३ हा जीएसटीचा गट आहे आणि त्यावर ५ टक्के कर. बिलात कोणता कोड लावला ते दुकानदाराला पैसे देण्याआधी विचारावं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३,००० रुपये काठी, वॉकर किंवा कमोड खुर्चीला पुरतात, स्कूटरच्या एका बॅटरीच्या जोडीलाही कदाचित नाही.

परदेशातून मुलं वापरलेली स्कूटर पाठवू म्हणतात. ब्रिटनची असेल तर चार्जर २३० व्होल्टचाच, अडचण नाही. अमेरिकेची असेल तर चार्जरवर १००-२४० छापलेलं आहे का बघा, नाहीतर पहिल्याच रात्री तो जळेल. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या तिकडेच सोडून गाडी आणावी आणि इथे नव्या टाकाव्यात. कंट्रोलर आणि मोटरचे कार्बन ब्रश मात्र त्याच मॉडेलचे लागतात, तेव्हा ब्रशचा एक संच आणि जादा किल्ली सोबत मागवून घ्यावी. ब्रिटनमध्ये ताशी ८ मैलांची "क्लास ३" स्वस्तात मिळते म्हणून तीच पाठवतात. आपल्या लिफ्टला आणि दाराला ताशी ४ मैलांची "क्लास २" बरी.

नवी घेताना चाचणी दुकानाच्या फरशीवर नको, घरी मागावी. जो माणूस चालवणार तोच बसेल, हातात नेहमीची पिशवी असेल. घराच्या दारातून बाहेर, सगळ्यात उंच उंबऱ्यावरून, सगळ्यात तीव्र उतारावर मधेच थांबून पुन्हा सुरू, मग उलट्या दिशेने वर, लिफ्टमध्ये आत आणि रिव्हर्सने बाहेर. शेवटी उतरून खुर्ची फिरवून उठता येतं का. उतारावर थांबून पुन्हा निघताना गाडी हातभर मागे घसरली तर ते मॉडेल परत पाठवावं, आणि विक्रेता घरी चाचणीला तयार नसेल तर तो दुरुस्तीलाही घरी येणार नाही असं धरून दुसरं दुकान बघावं.